टेलरमास्तरांचा थरथरता हात

मास्तरांच्या हातच्या काजाला तोड नव्हती. मशीनवर झटपट काजं करून देणारी दुकानं होती की. पण ज्याला कोट कोटासारखा हवा असे, तो मास्तरांकडेच येई. ते काज हातानं करत, एकेक टाका खेटून घालत, आणि पुरं झालं की मान तिरकी करून त्याच्याकडे बघत बसत. बायको म्हणायची, "अहो, माझ्याकडे कधी इतका वेळ बघितलंत का?" मास्तर म्हणत, "तेव्हा चष्मा नव्हता ना."

दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. खिडकीशी मशीन, मध्ये कापड बेतायचं लांब टेबल, पडद्यामागे घर. आणि बरोबर समोर, जुन्या गोदामाच्या दोन खोल्यांत डॉक्टरबाईंचा दवाखाना. वस्तीनं वर्गणी काढून त्या खोल्या रंगवून दिल्या होत्या. सुतारानं बाकं केली, मास्तरांनी पडदे शिवले. बाईंची फी मोठ्या इस्पितळापर्यंतच्या बसभाड्याहून कमी होती, आणि ज्याच्याकडे तेवढीही नसे त्याला कुणी दारातून परत पाठवत नसे.

बाईंची एक तऱ्हा होती. पेशंट समोर बसला की त्या दुखण्याचं आधी विचारत नसत. "काम कसं चाललंय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. नवख्याला वाटे, बाई गप्पिष्ट आहेत. गप्पिष्ट कसल्या! भांडी घासणारीनं हल्ली बसून घासते म्हटलं की बाईंना तिचे गुडघे कळत, ड्रायव्हरनं उशी घेतो म्हटलं की पाठ. सव्वीस वर्षं त्या असं विचारत होत्या, आणि सांगितलेलं विसरत नव्हत्या.

तर या बाईंना मास्तरांनी थाप मारली. एरवी नाकासमोर चालणारा माणूस, पण मारली.

झालं होतं असं. जन्मभर कापडाच्या तुसांत बसून मास्तरांच्या छातीत शिट्टी वाजायला लागली होती. थंडीत जिना चढले की धाप लागे. बाईंनी तोंडानं ओढायचा पंप दिला, सकाळ-संध्याकाळ न चुकता घ्यायला सांगितला. महिनाभर मास्तरांनी घेतला. मग पँट उंचीला कमी करायला आलेल्या एका शहाण्यानं सांगितलं, की पंपाची सवय लागते, एकदा लागली की सुटत नाही, आणि आपण स्वतः औषधांच्या दुकानातून पांढऱ्या गोळ्या आणतो, एका गोळीत छाती मोकळी. डॉक्टरचं ऐकायला माणसाला वर्ष लागतं आणि गिऱ्हाईकाचं ऐकायला पाच मिनिटं! पंप बटणांच्या खणात गेला आणि गोळ्या खिशात आल्या. बाई विचारत, "पंप चालू आहे ना?" मास्तर म्हणत, "घेतो की."

आणि काही महिन्यांनी त्यांचा हात हलायला लागला.

सुईत दोरा ओवताना आधी लक्षात आलं. दोऱ्याचं टोक नेढ्याच्या या बाजूनं जाई, त्या बाजूनं जाई, आत काही जाईना. मास्तरांचे वडीलही शिंपीच. त्यांचाही हात असाच हलायला लागला होता, आणि शेवटची दोन वर्षं त्यांना घास भरवावा लागला होता. भरवला होता मास्तरांनीच. पुढे काय वाढून ठेवलंय ते त्यांना कुणी सांगायला नको होतं.

त्यांनी घरात ताकास तूर लागू दिली नाही. पण सुईत दोरा ओवायला दिवसातून दहा वेळा हाक येऊ लागली, तेव्हा बायकोला काय ते कळलं. ती म्हणाली, समोर जाऊन बाईंना दाखवा. मास्तर जाईनात. बाईंकडे जायचं म्हणजे पंपाचं निघणार, आणि मग तोंड कुठं लपवायचं? त्यापेक्षा बस धरून ते मोठ्या इस्पितळात गेले. तीनदा गेले, तिन्ही वेळा समोर नवा डॉक्टर. पोरं वाईट नव्हती, पण बाहेर रांग एवढी की मान वर करायला सवड नाही. कुठली औषधं चालू आहेत, असं त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, काही नाही. दुकानातून आणलेल्या गोळीला औषध म्हणतात हे त्यांच्या मनातही आलं नाही. वडिलांचं मात्र त्यांनी सविस्तर सांगितलं. तिसरा डॉक्टर म्हणाला, वडिलांसारखंच असू शकेल, तपासण्या करून बघू. मास्तरांनी त्यातला पहिला अर्धा भाग घरी आणला.

त्यांनी हातपायच गाळले. मशीन विकून दुकान बंद करायचं ठरवलं. पंधरा दिवसांनी येणाऱ्या रविवारी गिऱ्हाईक मशीन बघायला येणार होतं. बायको पडद्यामागे जाऊन रडली.

त्याच आठवड्यात बाईंचा पांढरा कोट दोन काजं नीट करायला आला होता. मास्तरांनी तो कसाबसा करून पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी, दवाखाना आटोपल्यावर, बाई कोट हातावर टाकून स्वतःच दुकानात आल्या. कोट टेबलावर पसरून म्हणाल्या, "मास्तर, ही काजं तुमची नाहीत."

"माझीच आहेत," मास्तर म्हणाले.

"मग हात बघू."

बाई स्टुलावर बसल्या. हात मांडीवर ठेवायला सांगितला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग सुई धरायला सांगितली. सुई थरथरू लागली. मास्तरांना ते बघवेना. "वडिलांचंच आलंय, बाई," ते म्हणाले.

"तुमच्या वडिलांचा हात मी सहा वर्षं बघितलाय," बाई म्हणाल्या. "तो मांडीवर ठेवला की हलायचा आणि कात्री उचलली की थांबायचा. तुमचा मांडीवर गप्प आहे आणि सुई धरली की हलतोय. हे उलटं आहे. पंप घेताय?"

"घेतो की," मास्तर सवयीनं म्हणाले.

बायकोनं बटणांचा खण ओढला. पंप काढून टेबलावर ठेवला, शेजारी मास्तरांच्या खिशातून काढून गोळ्यांची पट्टी ठेवली. दिवसाला चार घेतात, कधी सहा, असंही सांगितलं. बाईंनी पट्टी उलटसुलट करून वाचली, मास्तरांची नाडी धरली. नाडी पळत होती.

"मला खोटं का सांगितलंत?"

"तुम्ही रागवाल म्हणून."

"मग रागावले असते. चार मिनिटं रागावले असते," बाई म्हणाल्या, आणि खरोखरच तेवढ्या रागावल्या. मग शांतपणे त्यांनी समजावलं, की या गोळ्यांनी छाती मोकळी होते, पण हात थरथरतो आणि छातीत धडधडतं. बहुतेक हेच असावं, पण त्या पैज लावणार नाहीत. गोळ्या आजपासून बंद. पंप रोज सकाळी दवाखान्यात येऊन त्यांच्यासमोर घ्यायचा. दहा-बारा दिवसांत फरक पडला नाही, तर त्या स्वतः मास्तरांना मोठ्या डॉक्टरकडे घेऊन जातील.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर शाळकरी पोरासारखे रस्ता ओलांडू लागले. पहिल्याच दिवशी कळलं, की तो महिनाभर घेतलेला पंपही ते चुकीचाच घेत होते. औषध सगळं जिभेवर जात होतं. बाईंनी श्वास कधी ओढायचा ते शिकवलं. तिसऱ्या दिवशी चहा बशीत सांडायचा थांबला, पण सुईला हात लावायची मास्तरांची छाती होईना.

नवव्या दिवशी त्यांनी दार लावून घेतलं, सुई घेतली, काळा दोरा घेतला. दोरा एका दमात आत गेला. त्यांचा विश्वास बसेना. काढून पुन्हा ओवला, पुन्हा काढून पुन्हा. मग बायकोला हाक मारली. ती दोरा ओवायला म्हणून पदराला हात पुसत आली आणि ओवलेली सुई बघून तिथंच स्टुलावर बसली. मशीन घेणाऱ्याला फोन तिनंच केला. येऊ नका म्हणाली, कारण काही सांगितलं नाही.

त्या दिवशी मास्तरांनी बाईंच्या कोटाची दोन्ही काजं उसवून नव्यानं केली. करताना सारखं एकच मनात येत होतं. मोठ्या इस्पितळातल्या कुणाला त्यांच्या वडिलांचा हात ठाऊक नव्हता, ठाऊक असायचं कारणही नव्हतं. तो ठाऊक असायला कुणीतरी सव्वीस वर्षं एकाच खुर्चीत, त्यांच्या दारासमोर बसावं लागतं. आणि अशा माणसाला आपण चुकवून गेलो, याची त्यांना फार लाज वाटली.

सकाळी घडी घातलेला कोट घेऊन ते दवाखान्यात गेले. आभाराची चार वाक्यं त्यांनी रात्रीच जुळवून ठेवली होती. बाकावर माणसं दाटीनं बसली होती. नंबर आला तसे ते आत गेले, कोट टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात पुढे धरले. हात हलत नव्हते.

बाईंनी हातांकडे बघितलं, काजांकडे बघितलं. "हं. आता वरचं बटण काढा," त्या म्हणाल्या आणि स्टेथोस्कोप कानाला लावला.

"बाई, तुम्ही नसतात तर—" मास्तरांनी सुरुवात केली.

"बोलू नका. मोठा श्वास घ्या."

मास्तरांनी भरल्या डोळ्यांनी श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. छातीत शिट्टी नव्हती. पुढचं वाक्य त्यांच्या ओठांवर तयार होतं. पण बाईंनी स्टेथोस्कोप कानातून काढला तो पुढच्या माणसाला हाक मारायलाच.