शेखलालची बारा पातेली

दौंडच्या रनिंग रूममध्ये शेखलालच्या चुलीपाशी बारा पातेली होती, आणि एकातला रस्सा दुसऱ्यात कधी गेला नाही. तिथला रिवाजच तसा. बाहेरगावचे ड्रायव्हर-फायरमन गाडी सोडून विसाव्याला यायचे, ते आपापला शिधा पत्र्याच्या पेटीतून बरोबर आणायचे. पीठ, तिखट, कांदा, कुणाचं मटण, कुणाची वांगी. ते शेखलालच्या हवाली करायचं आणि आडवं व्हायचं. तो ज्याचं त्याचं वेगळ्या पातेल्यात रांधायचा. घरात दोन सुनांच्या दोन आवडी सांभाळताना भल्याभल्यांना घाम फुटतो. हा माणूस अठरा वर्षं बाराजणांच्या सांभाळत होता. आणि यातलं काहीही तो चाखत नसे. दुसऱ्याच्या शिध्यातला थेंबसुद्धा आपल्या जिभेला लावायचा नाही, हा त्याचा स्वतःचा कायदा. तरी मीठ कधी चुकलं नाही.

प्रभुदास हा सोलापूर शेडचा ड्रायव्हर, शिरूरच्या मिशनच्या कंपाउंडात वाढलेला. मालगाडी घेऊन दिवसाआड दौंडला यायचा. खाण्यावर त्याचं मनापासून प्रेम. चार भाकरी आणि पातेलंभर रस्सा, डोळा घड्याळावर ठेवून, इंजिनात कोळसा लोटावा तसा लोटायचा. १९६० च्या जानेवारीत रेल्वेच्या डॉक्टरांना त्याच्या लघवीत साखर सापडली. "वजन उतरवा, गोड-तेलकट बंद करा. एप्रिलात पुन्हा तपासू. असंच राहिलं तर इंजिनावरून उतरावं लागेल." एवढं सांगून ते जेवायला घरी गेले. डॉक्टर लोकांचं हे एक बरं असतं.

इंजिनावरून उतरवलेला ड्रायव्हर म्हणजे शेडमध्ये कंदील पुसत बसलेला माणूस. प्रभुदासने असे दोघे पाहिले होते. ते इंजिनाची शिट्टी ऐकली की मान खाली घालायचे. घरी जाऊन त्याने बायकोला, कृपाबाईला सगळं सांगितलं. तिने पेटीतून मटण काढलं, तेल काढलं, गूळ काढला. उरलं ज्वारीचं पीठ आणि दुधी भोपळा.

दुधी काही वाईट नसतो. पण रोज दुधी खाणाऱ्या माणसाला जगात सगळीकडे भजी दिसायला लागतात. दौंडला इंजिनात पाणी भरायचं काम फायरमनवर सोपवून प्रभुदास फलाटाच्या टोकाला भज्यांच्या गाड्यापाशी जायचा, इंजिनाकडे पाठ करून उभ्या उभ्या गरम भजी गिळायचा, जीभ भाजून घ्यायचा आणि तोंड पुसून परत यायचा. मग रनिंग रूमच्या खाटेवर पडून देवाची क्षमा मागायचा. देवाला इतकी मोठमोठी कामं असताना हा रोज त्याला कांदाभज्यांचा हिशेब ऐकवायचा. पुन्हा परवा तेच.

तीन आठवडे शेखलालने अर्धं ताट परत आलेलं पाहिलं. मग एके दुपारी तो प्रभुदासच्या खाटेजवळ येऊन उभा राहिला.

"डायवरसाहेब, भजी खाऊन आलासा."

"नाही हो."

"करडीचं तेल. आन् कांदा जरा करपला व्हता."

प्रभुदास उठून बसला. या माणसाच्या नाकापुढे खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. त्याने सगळं सांगितलं: डॉक्टर, साखर, कंदील पुसणारे ते दोघे.

शेखलालने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग भजी लागली कशी?"

सांगायला म्हणून प्रभुदासने तोंड उघडलं. तीन आठवडे भजी खाल्ली होती आणि एकाही भज्याची चव त्याला आठवत नव्हती.

"म्हंजी दुखणं घरी आणलं, आन् जिभेला कायच न्हाई दिलं," शेखलाल म्हणाला. "परवा मटण आणा. बशीत मावंल येवढंच. भाजी मी बघतो, मागं शेवगा हाय. त्यो कुणाच्या शिध्यातला न्हाई."

प्रभुदासने मटण आणलं नाही. भीतीच तेवढी होती. भजी बंद केली आणि दुधीसमोर उपवासाला बसल्यासारखा बसू लागला.

मग रमजान आला. मार्चचं ऊन, त्यात कोळशाची धग, आणि शेखलालच्या पोटात पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही. प्रभुदासला झोप येत नव्हती म्हणून तो स्वयंपाकघराच्या दारात बसून होता. त्या दिवशी अकरा पातेली रटरटत होती. शेखलाल एकेकाजवळ वाकून नुसती वाफ घ्यायचा आणि मीठ टाकायचा, याला तीन बोटांची चिमूट, त्याला दोन. मिठाला वास नसतो असं शाळेत शिकवतात. शिकवणाऱ्यांनी एकदा दौंडला येऊन जायला हवं होतं.

दिवस मावळला. गावातल्या मशिदीची बांग आली. शेखलालने हात धुतले, फडकं अंथरलं, एक खजूर खाल्ला, पाणी प्यायला. मग आपली स्वतःची छोटी डेगची पुढे ओढली. चार तुकडे मटण, एक भाकरी, शेवग्याच्या पाल्याची ढीगभर भाजी आणि फोडलेला कांदा. आता हा तुटून पडणार, असं प्रभुदासला वाटलं. तो स्वतः पडला असता.

शेखलालने भाकरीचा लहानसा तुकडा मोडला, रश्शात बुडवला आणि तोंडात धरला. डोळे मिटले. बाहेर एक गाडी शिट्टी देऊन निघून गेली, त्याने डोळे उघडले नाहीत. सावकाश चावत होता आणि चेहरा असा उजळला होता की बघणाऱ्याने खाली बघावं. मग पाला, मग कांदा, मग नळी ओढताना झालेला आवाज, त्याचीही लाज नाही. प्रभुदासने मिशनच्या देवळात पुष्कळ प्रार्थना ऐकल्या होत्या, स्वतः केल्या होत्या. पण असे आभार मानताना त्याने कुणाला पाहिलं नव्हतं.

एक तुकडा मटण आणि चतकोर भाकरी उरली. शेखलालने वर झाकण ठेवलं.

"दिवसभर उपाशी होतात," प्रभुदास म्हणाला, "आणि ठेवून दिलंत?"

"पोट भरलं की."

"अजून खावंसं वाटत नाही?"

"खाल्लं न्हवं का? समदंच्या समदं खाल्लं मी. तुमी बघितलंसा."

पुढच्या खेपेला प्रभुदासने मटण आणलं, बशीत मावेल एवढंच. शेखलालने त्याला बूट काढायला लावले, खिशातलं घड्याळ मागून घेऊन खिळ्याला टांगलं, आणि ताट वाढलं. त्यात पाला जास्त आणि रस्सा कमी. इतक्यात ड्यूटीची वही घेऊन, ड्रायव्हरांना गाडीवर बोलवायला येणारा कॉलमन आला. "साहेब जेवत्यात," शेखलाल त्याला म्हणाला, "थांब जरा." कॉलमन थांबला. प्रभुदासने पहिला घास तोंडात धरला. तिखटाच्या मागे खोबरं होतं, खोबऱ्याच्या मागे धुराचा वास होता. वर्षानुवर्षं हेच मटण इथे खाल्लं आणि हे कधी कळलं नव्हतं, याचं त्याला रडू आलं. दीड भाकरीवर हात थांबला. कुणी थांबवला नव्हता.

एप्रिलात तपासणी झाली. वजन चौदा पौंड उतरलं होतं, साखर सापडली नाही.

"काय काय सोडलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"चोरून खाणं," प्रभुदास म्हणाला.

डॉक्टरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि इंजिन चालवायला लायक असा शेरा मारून सही केली.

ईद होऊन गेली होती. प्रभुदास गाडी घेऊन दौंडला आला आणि पेटी उघडून शेखलालपुढे ठेवली. मटण दोन बशा भरेल एवढं होतं.

"साहेब, ह्ये जास्त हाय."

"दोघांचं आहे. मुलाण्याकडून हलाल करून आणलंय. एकाच पातेल्यात टाका."

शेखलालचा हात प्रभुदासच्या पातेल्याकडे गेला, थांबला, आपल्या डेगचीकडे गेला, पुन्हा थांबला. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्याला कुठलं भांडं घ्यावं ते कळेना. शेवटी त्याने डेगची घेतली, फोडणी दिली, पाणी ओतलं. उकळी आल्यावर वाकून वाफ घेतली आणि मीठ टाकलं.

"चाखून बघा," प्रभुदास म्हणाला. "यात तुमचंही आहे."

शेखलालने थोडा वेळ डेगचीकडे पाहिलं. मग पळीने रश्शाचे दोन थेंब तळहातावर घेतले, फुंकर मारली, जिभेला लावले आणि डोळे मिटून उभा राहिला.

"मीठ," तो म्हणाला, "जरा कमी पडलंय."