लाल दोऱ्याचा गळ

मोताळ्याजवळच्या धरणावर मी दर रविवारी गळ टाकायला जातो, तेव्हा एक गृहस्थ माझ्याआधी येऊन बसलेले असतात. वयानं मोठे, म्हणून काका म्हणायचं. दुसरं काही कारण नाही. बसण्याआधी ते चप्पल काढून पाण्याच्या पाया पडतात. मग दिवसभर त्याच पाण्यात गुटख्याच्या पुड्या, आमिषाच्या कणकेच्या पिशव्या आणि तुटलेला नायलॉनचा दोरा टाकत राहतात. तोंड मात्र दुसऱ्यांवर सुटलेलं असतं. "लोकायनं धरणाचा पार उकिरडा करून टाकला बे!"

गळ बांधताना ते त्याला लाल दोऱ्याचे तीन वेढे देतात. त्यानं मोठा मासा लागतो म्हणे.

परवा त्यांचा गळ जड झाला. "लागला बे मोठा!" म्हणून त्यांनी सगळा काठ गोळा केला. ओढून काढलं तर नायलॉनचा गुंता, दोन पिशव्या आणि त्यात पाय अडकून मेलेला एक पाणकावळा.

"किती गलीच लोकं हायेत!" काका थुंकले. तेवढ्यात गुंत्यात लाल दोरा दिसला आणि त्यांचा चेहरा फुलला. "अरे, हा तं माहाच गळ व्हय! मागच्या महिन्यात तुटला होता."

गळ सोडवून त्यांनी डब्यात ठेवला आणि बाकीचं सगळं, पाणकावळ्यासकट, परत पाण्यात फेकलं.

मी म्हणालो, "काका, हेच पाणी आपल्या नळाले येते."

"हाव ना," त्याच पाण्यात हात धूत ते म्हणाले, "म्हणून तं मी घरी फिल्टर बसवला."