हं-डॉक्टरांना वाचा फुटते

दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर शनिवारी निवृत्त होणार होत्या आणि त्यांना काळजी लागली होती ती डॉक्टरांच्या अक्षराची. एकतीस वर्षं ते अक्षर जगात फक्त त्यांनाच लागत आलं होतं. समोरचा औषधवाला नवीन असताना चिठ्ठी उलटसुलट बघून म्हणाला होता, "कार्डिओग्राम ठीक दिसतोय, पण औषध कुठलं देऊ?" तेव्हापासून प्रत्येक चिठ्ठीखाली सिस्टर सुवाच्य अक्षरात सगळं पुन्हा लिहीत. शनिवारनंतर कोण लिहिणार? भलतीच गोळी कुणाच्या तरी पोटात जाणार, या विचाराने बाईंनी धसकाच घेतला होता.

उपाय सुनेने सुचवला. ती मोठ्या इस्पितळात कामाला. तिथे पेशंटला विचारून टेबलावर टॅब्लेट ठेवतात, तो दोघांचं बोलणं ऐकतो आणि एआय केसपेपर आणि औषधांची चिठ्ठी लिहून देतो. डॉक्टरांनी वाचायचं, दुरुस्त करायचं, सही करायची. सिस्टर रविवारी शिकल्या आणि सोमवारी टॅब्लेट घेऊन डॉक्टरांच्या खोलीत घुसल्या.

"सिस्टर, बाहेर चाळीस माणसं बसलीत. मला मरायला फुरसत नाही, शिकू कधी?"

"अख्खं शरीर पाठ केलंत ना? हे एकच बटण आहे. लाल."

"वय झालं आता माझं."

"माझ्याहून चार वर्षांनी लहान आहात. दाबा!"

दाबलं. पहिला पेशंट गेल्यावर सिस्टरांनी केसपेपर मोठ्याने वाचला. "पेशंट: आठ दिवस पोट दुखतं. डॉक्टर: हं. पेशंट: जेवल्यावर जास्त. डॉक्टर: हं. निदान: नोंद नाही."

"बघा! त्याला काही कळत नाही!" डॉक्टर खुशीत आले.

"कळणार कसं? तुम्ही कधी कुणाला कळू देता? सगळे तुम्हाला हं-डॉक्टर म्हणतात."

डॉक्टरांचा चेहरा पडला. "सगळे म्हणजे कोण?"

"तुमच्या घरीसुद्धा."

खरं तर माणूस हुशार. निदान डोक्यात लख्ख असायचं, पण तिथून तोंडापर्यंत रस्ताच बांधलेला नव्हता. मंगळवारपासून तो बांधायला सुरुवात झाली. सिस्टर पेशंटच्या पाठीमागे उभ्या राहून हातवारे करत, बोला, बोला! आणि डॉक्टर बोलू लागले. "आता मी पोट दाबतोय. उजवीकडे, खाली." पहिल्या आजोबांनी घाबरून मागे वळून पाहिलं, डॉक्टर नक्की कुणाशी बोलतायत! बुधवारी एआयने उजव्या गुडघ्याऐवजी डावा लिहिला. डॉक्टरांनी तो पकडला आणि वर्गातल्या पहिल्या नंबराच्या मुलाची चूक सापडावी तसे खुर्चीतून उठले. त्यानंतर प्रत्येक केसपेपर ते चुका शोधायच्या आशेने शेवटच्या ओळीपर्यंत वाचू लागले. सिस्टरांना आणखी काय हवं होतं?

गुरुवारी शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. ताप, घसा धरलेला. वीस वर्षांपासूनच्या पेशंट. डॉक्टर आता रंगात आले होते. "घशात सूज आहे. पेनिसिलिन देतोय. अ‍ॅलर्जी काही नाही."

"अहो, आहे की!" बाई किंचाळल्या. "गेल्या वर्षी बहिणीकडे ते इंजेक्शन घेतलं, तर तोंड सुजून भोपळा झाला होता. श्वास अडकला होता माझा!"

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही आधी कधी बोललात?"

दाराशी उभ्या सिस्टरांच्या अंगावर काटा आला. मागच्या आठवड्यात हीच चिठ्ठी आली असती, तर त्यांनी तेच औषध सुरेख अक्षरात खाली लिहून दिलं असतं. एकतीस वर्षं डॉक्टरांनी लिहिलेलं सगळं त्यांनी वाचलं होतं. न बोललेलं कुठून वाचणार?

डॉक्टरांनी औषध बदललं, अ‍ॅलर्जी मोठ्याने दोनदा सांगितली आणि दुपारी कॉलेजातल्या मित्राला फोन लावला. "वेळ नाही काय म्हणतोस, गाढवा? लाल बटण आहे एक! नाही, मी नाही शिकवणार. आमच्या सिस्टर शिकवतील. सोमवारपासून मोकळ्याच आहेत त्या." संध्याकाळपर्यंत पाच डॉक्टर गळाला लागले होते आणि सिस्टरांना कुणी विचारलंही नव्हतं. त्या मात्र मनातून हरखल्या होत्या.

शनिवारी निरोपाचं कार्ड डॉक्टरांनी हट्टाने स्वतःच्या हाताने लिहिलं. औषधवाल्याने ते उजेडात धरून पाहिलं आणि हात टेकले. सिस्टरांनी ते सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि डोळे पुसले.

"काय लिहिलंय, सिस्टर? सांगा ना!" सगळ्यांनी गलका केला.

सिस्टरांनी कार्ड पर्समध्ये टाकलं, चेन ओढली आणि म्हणाल्या, "हं."