टायरवरचा मोठा शब्द

परवा पंक्चर काढायला थांबले आणि तापलेल्या रबराच्या वासानं शारजातली एक सकाळ आठवली, दुबईत मेट्रो यायच्या कितीतरी आधीची. मी सहावीत होते. वडिलांवरच्या इंग्रजी निबंधात मी लिहिलं होतं की बाबा ऑफिसात बसतात, कारण दुबईतल्या करामा भागात आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्या मैत्रिणींचे वडील ऑफिसात बसायचे. बाबांनी ते वाचलं. रागावले नाहीत. "चल, माझं ऑफिस दाखवतो," म्हणाले आणि शुक्रवारी, शाळेच्या सुट्टीच्या दिवशी, पिकअपमधून मला शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात घेऊन गेले. तिथल्या वर्कशॉपमध्ये ते टायर दुरुस्त करायचे. समोर खाणीतल्या डंपरचा टायर उभा होता, बाबांपेक्षा हातभर उंच. मी त्याच्या पोटात शिरून उभी राहिले तरी डोकं वर टेकलं नाही. "याला इंग्रजीत काय म्हणशील?" बाबांनी विचारलं. "बिग." "एवढंच? एवढ्या मोठ्या शाळेत जातेस ना?" मग टीचरनी शिकवलेला आणि मला कुठेच वापरता न आलेला शब्द आठवला. "ब्रॉबडिंगनॅगियन. मीन्स व्हेरी, व्हेरी ह्यूज." बाबांनी खुणा करायचा खडू माझ्या हातात दिला. मी टायरवर तो शब्द लिहिला, तेव्हा त्यांनी पठाण मेकॅनिकला हाक मारली, "यल्ला, जल्दी आओ, देखो, मेरी बेटी ने लिखा." दोन दिवसांनी टायर खाणीत परत गेला, खडूच्या अक्षरांसकट. निबंधातलं ऑफिस मी खोडलं. आता मी खरंच ऑफिसात बसते, तेहेतिसाव्या मजल्यावर. खिडकीतून एकाहून एक उंच टॉवर दिसतात. त्यांना मी बिगच म्हणते.