तीस सेकंदांचं गाणं

"तीस सेकंदांत तर माझी पेटी नीट श्वास बी घेत न्हाई," मी म्हणत होते, "आन् तू गाणं संपवलंस?"

नसरीन कॉम्प्युटरकडे तोंड करून बसली होती. "मावशी, फुकटच्या साइटवर जागाच तेवढी. अख्खं गाणं चढत नाही. सगळे बँडवाले सुरुवातीचे तीस सेकंद टाकतात. आवडलं तर माणूस फोन करतो."

"बँडवाल्यांचं मला सांगू नको. माझ्या गाण्याचं शेवटचं कडवं कुठं गेलं ते सांग."

हे भांडण जुन्नरला, नसरीनच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये, दोन हजार चार-पाचच्या सुमाराला झालं. कसं मिटलं ते सांगतेच. पण आमच्या पार्टीचा एक किस्सा काढला की चार निघतात. कार्यक्रम संपल्यावर सतरंजी झटकली की शेंगांची टरफलं, पिना, कुणाची तरी किल्ली असं काय काय पडतं, तसं.

आमची गायन पार्टी खोडदची. जयंतीला, लग्नाला, विहाराच्या उद्घाटनाला गायची. पेटी आणि आवाज माझा. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. अक्षरं एसटीच्या पाट्यांवरून उचलली आणि पेटी नवऱ्याच्या पाठीमागे बसून. कुणाला पटत नसेल त्यानं समोर बसून वाजवून दाखवावं. ढोलकीवर माझा दीर बबन, कोरसला त्याची बायको कौसल्या. बेंजोवर जुन्नरचे सलीमभाई, एरवी घड्याळं दुरुस्त करायचे. नसरीन त्यांची मुलगी.

गाणी सगळी माझ्या नवऱ्याची. ते सत्त्याण्णव साली गेले. आमच्यात रीत अशी की शेवटच्या कडव्यात लिहिणाऱ्याचं नाव येतं: "सांगे गंगाधर, खोडदचा राहणार." ते गेल्यावर दुसऱ्या पार्ट्यांनी त्यांची गाणी उचलली. त्याचं मला वाईट वाटलं नाही, गाणं गायलाच असतं. पण शेवटच्या कडव्यातून गंगाधर काढून ते आपापल्या शाहिराचं नाव बसवायला लागले. बोरी बुद्रुकच्या एका लग्नात माझ्या नवऱ्याचं गाणं मी परक्याच्या नावानं ऐकलं आणि भरल्या ताटावरून उठले.

नसरीन म्हणाली, "मावशी, इंटरनेटवर टाकू. मग सगळ्यांना कळेल कुणाचं आहे." एवढ्यासाठी मी त्या भानगडीत पडले.

*

पहिला दिवस फोटोचा. नसरीननं फुकटात बनवलेल्या साइटवर आमचा फोटो कसा दिसतो ते बघायला आम्ही सगळे स्क्रीनपुढे बसलो. तेव्हाचं इंटरनेट फोनच्या वायरीतून यायचं, फोटो वरून खाली एकेक पट्टी उतरायचा. आधी विहाराची कमान आली. मग मागं उभ्या सलीमभाईंची टोपी. मग माझं कपाळ. बबन ढोलकी घेऊन पुढं खाली बसलेला, म्हणून त्याचा नंबर शेवटचा.

"मी कवा येनार?" तो दर मिनिटाला विचारी.

कौसल्या फार बोलत नाही. तेवढं बोलली, "घरी तरी कवा वेळेवर येता?"

तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला, लाइन तुटली आणि बबन यायचा राहिलाच.

*

मग बँडवाल्यांच्या एका साइटवर नाव नोंदवायचं होतं. फॉर्म इंग्रजीत. नसरीन वाचून सांगायची, मी उत्तर द्यायची.

"मावशी, गाण्याचा प्रकार? रॉक, पॉप, जॅझ, फोक, नाहीतर 'इतर'."

"इतर कुणाला म्हनतात? सगळ्यांवर खूण कर."

"एकावरच होते."

"मग ज्ये सगळ्यात मोठ्यानं गात्यात त्यांच्यावर कर."

अशी आमची पार्टी रॉकमध्ये गेली. पुढचा प्रश्न, तुमच्या गाण्यावर कुणाचा प्रभाव आहे? मी म्हणाले, "सासूचा लिही. जात्यावर तिच्यावर आवाज चढवता चढवता गळा तयार झाला." नसरीननं लिहिलं. बाकीच्या बँडांखाली गोऱ्या गवयांची नावं होती, आमच्याखाली माझी सासू.

*

साइटच्या तळाशी किती लोक येऊन गेले त्याचा आकडा दिसायचा. महिन्याभरात तो दोनशेवर गेला. सलीमभाई दुकानात येईल त्याला सांगायला लागले, "खोडदच्या त्या दुर्बिणीच्या मोठाल्या अँटेना आकाशातलं ऐकतात म्हणे. आम्हाला खालची दोनशे माणसं बघून गेली."

नसरीननं तपासलं. पान उघडलं की आकडा एकानं वाढायचा, आणि सलीमभाई रोज दुपारी तिला डबा द्यायला आले की पान सात-आठ वेळा उघडायचे.

"अब्बा, ही दोनशे माणसं तुम्हीच आहात."

सलीमभाई शांतपणे म्हणाले, "मग? मी आपल्या पार्टीचा चाहता नाही का?"

*

आणि खरंच एक ईमेल आला. नाशिककडच्या एका गावाला जयंतीला आमचा कार्यक्रम हवा होता. नसरीन नाचायचीच बाकी होती. बबन ढोलकीच्या कड्या सरकवत म्हणाला, "सुपारी कुठाय?"

कार्यक्रम ठरवायला माणसानं यायचं, सुपारी हातावर ठेवायची, मग तारीख पक्की, ही आमच्याकडची रीत. नसरीननं समजावलं, काका, ईमेलमधून सुपारी येत नाही.

"मग आमी बी येत न्हाई."

शेवटी तिनं जसंच्या तसं लिहून पाठवलं. आठव्या दिवशी कुरियरचं पाकीट आलं. आत कागदात गुंडाळलेली एक सुपारी. बबननं ती अडकित्त्यानं फोडली, अर्धी तोंडात टाकली आणि म्हणाला, "लिव त्याला, येतो म्हनून."

*

त्याच माणसानं पुढं लिहिलं की मंडळातल्या लोकांना एक गाणं ऐकायचंय, साइटवर टाका. तोवर तिथं फोटो आणि माहितीच होती. नसरीननं कॅसेटवरून गाणं कॉम्प्युटरवर घेतलं, पहिले तीस सेकंद ठेवले आणि आम्हाला ऐकवलं. पेटी झाली, बेंजो झाला, मी "ऐका हो" म्हटलं, आणि बंद. गंगाधर कुठेच नाही.

"दुसऱ्या पार्ट्या नाव बदलत्यात," मी म्हणाले, "तू तर ठेवलंच न्हाईस."

तिचे डोळे भरले. "मी काय मुद्दाम करते का, मावशी?"

सलीमभाई म्हणाले, साइटवर खाली नाव लिहू. मी म्हणाले, लिहिलेलं कोण वाचतंय, गायलेलं राहतं. बबन म्हणाला, अख्खं गाणं पटपट म्हणून टाकू. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. मी सांगून टाकलं, "पुरं गाणं न्हाई तर काहीच नको. पुसून टाक ती साइट." नसरीनचा हात माऊसवर तसाच राहिला.

कौसल्या दाराशी चपला घालत होती. वीस वर्षं माझ्या मागून ओळ उचलत आली, पार्टीच्या कारभारात कधी मत दिलं नाही. एक पाय चपलेत, एक जमिनीवर, तशीच वळून म्हणाली,

"आक्का, तीसच सेकंद मावत्यात, तर शेवटचं घाला की."