कपाशीवरून उडणारी नयन

“खाली पाह्यलं का मले बरं वाटते,” असं नयन नेहमी म्हणायची. आम्ही विहिरीत डोकावतानाही काठ धरणारी माणसं. आम्हाला ते कुठून कळावं?

नयन ही महागावजवळच्या तांड्यावरच्या भावसिंग राठोडांची लेक. सलील सरांनी आमच्या माळावर पॅरामोटर शिकवायला घेतलं, तेव्हा पहिलं नाव तिनंच दिलं. पाठीवर पंख्याचं इंजिन, डोक्यावर कापडी छत्र, पाय मोकळे. परीक्षा अशी, की उंची दाखवणारं यंत्र झाकायचं आणि शेतांवरून एकाच उंचीनं जाऊन यायचं. पास होईल त्याला सर शिकवायच्या कामावर घेणार होते. नयनला ते काम हवंच होतं.

पहिल्या खेपेला ती फसली. बापाच्या शेतात कपाशीच्या ओळी ऐसपैस. त्यांच्यामधली जागा केवढी दिसते, त्यावरून ती उंची ओळखायची. पलीकडे शेजारच्या विठ्ठलरावांची लावण दाट. तिथं ओळी चिकटलेल्या दिसल्या, तशी तिला वाटलं, आपण फार वर आलो. ती उतरत गेली, ती बोंडं पायाला लागेपर्यंत. विठ्ठलराव आणि भावसिंग बांधावरच होते.

“भावसिंग,” विठ्ठलराव म्हणाले, “पोरीले उडाले शिकवून राह्यला का कापूस वेचाले?”

सर रागावले नाहीत. म्हणाले, मधली जागा शेतागणिक बदलते, तिच्यावर जाऊ नको. दूर एकत्र आलेल्या ओळी तुझ्याकडे येताना पांगतात, ते पाहा. खाली आलीस की त्या जास्त पांगतील, वर गेलीस की मिटत जातील.

त्यात नयननं आपली भर घातली. नवं शेत लागलं की तिथल्या ओळींचा पसारा डोळ्यांत नव्यानं धरायचा आणि शेताच्या टोकाच्या धुऱ्यापर्यंत तो हलू द्यायचा नाही.

दुसऱ्या परीक्षेला सारा तांडा माळावर होता. विठ्ठलरावांच्या शेतावर ओळी पुन्हा चिकटल्या. उतर, असं मन सांगत होतं. तिनं ऐकलं नाही. इंजिनाचा आवाज जराही खाली आला नाही, आणि तिची सावली कपाशीवरून एका चालीनं सरकत गेली.

ती उतरल्यावर सरांनी यंत्रावरचं फडकं काढलं आणि ते भावसिंगांपुढं धरलं. उंचीची रेघ सरळ होती, नांगराच्या पहिल्या तासासारखी.

“सोमवारी सकाळी ये,” सर म्हणाले. “नवीन पोरं तुझ्या हाताखाली.”

नयन हसली. छत्राचं गाठोडं खांद्यावर टाकून ती तांड्याच्या वाटेला लागली.  भावसिंग आणि विठ्ठलराव शेजारी शेजारी उभे राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.