मालकांनी पाठवलेली भाजी

माझे आईबाबा अकोल्याच्या जुन्या शहरात भाजी विकायचे. मोर्णा नदीच्या काठाला बाबांनी बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, जमिनीचा एक तुकडा धरला होता. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर ते पिकवायचे आणि आई ते घेऊन बाजारात बसायची. मी लग्न होऊन अमरावतीला गेले तरी त्यांचा हा क्रम बदलला नाही. पालेभाजीवर पाणी कधी शिंपडायचं, किती शिंपडायचं, हे आईच्या हाताला ठाऊक होतं. म्हणून एका उन्हाळ्यात मी माहेरी गेले आणि तिच्या शेजारी बसले, तेव्हा मला काही कळेना. ती पाणी शिंपडायची, रस्त्याकडे बघायची, आणि लगेच पुन्हा शिंपडायची. खालच्या जुड्या सडून काळ्या पडल्या होत्या. एका बाईनं सांबाराची जुडी उचलून वास घेतला आणि परत ठेवली, तर आई तिच्यावर धावून गेली.

बाबांनी मला बाजूला घेतलं. "अशीच करून रायली आजकाल," ते म्हणाले. "ती चहा प्याले गेली का मी सडक्या जुड्या काढून टाकतो. तिले समजू देत नाही."

ते हे किती दिवसांपासून करत होते, मी विचारलं नाही.

पुढं आईचं बाजारात बसणं सुटलं. मग एका सकाळी आईनं बाबांना विचारलं, "तुमी कोन? माह्या घरात काहून बसून रायले?" बाबांना ती थट्टा वाटली. थट्टा नाही हे कळल्यावर त्यांनी भिंतीवरचा फोटो काढून तिच्या हातात दिला. लग्नानंतर जत्रेत काढलेला, दोघांचा. आईनं तो पदरानं पुसला. "हे माहे मालक हायेत," ती म्हणाली. "तुमी कोन, ते सांगा ना."

बाबा भांडायचे, समजावायचे, तिच्या माहेरच्या माणसांची नावं घ्यायचे. जितकं ते समजावत तितकी ती घाबरायची. परका म्हातारा घरात शिरलाय आणि मालक घरी नाहीत, एवढंच तिला दिसत होतं. एका दुपारी ते खाटेवर आडवे झालेले असताना तिनं लाटणं हाणलं. भुवई फुटली. शेजाऱ्यांनी मला फोन केला, आणि मी दोघांना अमरावतीला घेऊन आले.

राजापेठेत आमच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. खाली शिकवणी वर्ग, त्यामुळं जिन्याशी सदा गाड्यांची गर्दी. माझे यजमान नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात पाळीनं जातात, दिवसा झोपायला त्यांना समोरची खोली लागायची. त्यांनी ती काही न बोलता सोडली आणि गादी स्वयंपाकाच्या कोपऱ्यात आणली.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी आईला तपासलं आणि मग बराच वेळ बाबांशीच बोलल्या. मेंदू झिजत चाललाय, हे परत भरून येणार नाही, औषधानं थोडी शांतता येईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. "त्यांची चूक दुरुस्त करायला जाऊ नका, काका," त्या म्हणाल्या. "त्यांच्यासाठी ते खरंच आहे. त्या जिथे आहेत तिथे तुम्हीच जा."

दुसऱ्या दिवशी बाबा पिशवी घेऊन खाली उतरले. थोड्या वेळानं दार वाजलं. आई दाराशी गेली, तिच्या मागं मी. बाबा बाहेरच उभे होते, चपला काढून, पिशवी पुढं धरून.

"बाई, तुमच्या मालकानं भाजी पाठवली," ते म्हणाले.

आईचा चेहरा सैल पडला. "बरे हायेत ना ते?"

"बरे हायेत. कामात हायेत. येतीन संध्याकायी."

"बसा भाऊ. पानी पेता?"

बाबा दारालगतच्या सतरंजीवर बसले. स्वतःच्या लेकीच्या घरात ते पाहुण्यासारखे अंग चोरून बसले होते. आईनं पिशवी उलटी केली आणि गवारीच्या शेंगा मोडायला घेतल्या. थोड्या वेळानं बाबाही मोडू लागले. मी आत जाऊन नळ मोठा सोडला, कारण मला रडू आवरत नव्हतं.

तेव्हापासून ते रोज असेच यायचे. आईनं पुन्हा कधी हात उगारला नाही. ती जेवायला लागली. रात्री ती झोपल्यावरच बाबा तिच्या खोलीत जायचे आणि ती उठायच्या आत बाहेर यायचे. मी एकदा म्हटलं, "बाबा, तुमचं काय मग?" ते म्हणाले, "मले सवय होऊन जाईन."

एका दुपारी मी पोळ्या करत होते. बाहेर दोघं अंबाडी निवडत बसली होती. आई बोलत होती, आणि आवाज नेहमीचा नव्हता. बऱ्याच दिवसांनी तो पूर्वीसारखा, सलग होता.

"भाऊ, तुमाले सांगतो. माह्या मालकाचं सगळं चांगलं हाये. पन एक गोष्ट माह्या मनातून जात नाही. आमचं पयलं पोरगं तापानं गेलं. त्याले माती देऊन आले, अन् दुसऱ्या दिवशी हे टोपली घेऊन बाजारात. मी घरात एकटी. पोराचं आंगडं दोरीवर वायत होतं. त्यायनं एक सबद काढला नाही. आजपावतर नाही काढला."

माझ्या आधी एक भाऊ होऊन गेला, एवढंच मला माहीत होतं. आमच्या घरात त्याचा विषय कधी निघाला नव्हता. मी गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिले.

बाबांनी हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाले, "त्याले बी दुख असन, बाई."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगता नसन आलं."

"मले वाटलं, त्याले काहीच वाटलं नाही."

"असं नाही, बाई," बाबा म्हणाले. "असं नव्हतं."

थोड्याच वेळात आई अंबाडीची देठं एका रांगेत लावण्यात गुंतली. बाबा उठून जिन्यात गेले. मी मागं गेले तेव्हा ते पायरीवर बसले होते, डोळे कोरडे, हात गुडघ्यांवर.

"गेलो होतो मी बाजारात," ते म्हणाले. "घरात बसवत नव्हतं, माय. तिच्याकडं पायवत नव्हतं. एवढी वर्षं ती हे घेऊन बसली, अन् मले वाटे का ती विसरली."

मी म्हटलं, "आता सांगितलंत ना तिला."

"तिले कोनं सांगतलं? भाजीवाल्यानं सांगतलं."

 

हिवाळ्यात बाबांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेलं, तिथंच ते गेले. घरी आणल्यावर आईला समोर बसवावं की नाही यावर जिन्यातच वाद झाला. शेवटी ती आपणहून बाहेर आली. तिनं बाबांच्या चेहऱ्याकडे वाकून पाहिलं आणि रडू लागली, खरंखुरं. "चांगला मानूस होता," ती बायांना सांगत होती. "रोज भाजी आनून दे. याच्या बायकोले कोनी कयवलं का? तिले कयवा बाप्पा."

जमलेल्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. आत्या, म्हणजे बाबांची बहीण, पुढं झाली. कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, हे झालंच पाहिजे म्हणाली. मी मध्ये उभी राहिले.

"आत्या, तिच्या लेखी तिचा नवरा जिता आहे. तिला हात लावायचा नाही."

"लोक काय म्हनतीन?"

"म्हणू दे."

आत्या माझ्याशी बोलेनाशी झाली, पण जाण्याआधी तिनं आईला गाठून नवरा गेल्याचं सांगितलंच. मी अंघोळीला गेले होते. आईची किंकाळी ऐकून बाहेर आले तर ती जमिनीवर डोकं आपटत होती. मी तिला कवटाळून बसले. जेवणाच्या वेळेपर्यंत ती सगळं विसरली आणि तिनं शांतपणे विचारलं, "हे आले नाही अजून?" आत्या दारात उभी होती. तिनं ते ऐकलं, पदर तोंडाला लावला आणि निघून गेली. त्यानंतर आमच्या घरी कुणी आईला खरं सांगितलं नाही. मी "बाजारात गेलेत" म्हणायचे. भाजी मात्र आता कुणी आणून देईना. यजमानांनी एकदा पिशवी घेऊन दार वाजवून पाहिलं. आई त्यांना म्हणाली, "तुमी नाही. ते भाऊ येतात." आणि दार लावून घेतलं.

ती विचारायचीही हळूहळू थांबली. मला वाईट वाटायला हवं होतं की सुटल्यासारखं, ते ठरेना. मग चालणं गेलं, मग बोलणं. यजमान कामावरून आले की आम्ही दोघं मिळून तिची कूस बदलतो. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून एवढं करूनही माकडहाडावर एक झालीच. ती धुताना आई ओठ घट्ट मिटून घेते. आवाज करत नाही.

गेल्या महिन्यात तिला गिळणं जड जाऊ लागलं. डॉक्टरीणबाईंनी नाकातून नळी घालता येते असं सांगितलं. पण अशा अवस्थेत नळीनं फार फरक पडत नाही, आणि बहुतेक पेशंट ती ओढून काढतात, मग हात बांधावे लागतात, हेही सांगितलं. आम्ही नको म्हटलं. ते बरोबर केलं का, असं मला रोज वाटतं, आणि त्या हात बांधण्याचा विचार आला की पुन्हा वाटतं, बरोबरच केलं.

सध्या मी तिला मुगाचं पातळ वरण चमच्याच्या टोकानं भरवते. मान थोडी उचलून धरायची, घास गेला का ते गळ्याकडे बघायचं, मग पुढचा. बराच वेळ लागतो. कधी ती तोंड उघडते, कधी मान फिरवते. आज फिरवली. मी थोडं थांबून पुन्हा चमचा नेला, तिनं पुन्हा फिरवली. मग मी वाटी बाजूला ठेवली, तिचे ओठ ओल्या फडक्यानं पुसले आणि तिथंच बसून राहिले.